महिला फुटबॉल लीग : खेळ उत्तम, हंगाम अपुरा

मुंबई आणि नवी मुंबईतील आठ संघांचा सहभाग असलेली महिला फुटबॉल लीग डिसेंबरच्या मध्यास सुरू झाली आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तिचा अंतिम सामना झाला. साखळी सामन्यांना प्रवेश विनामूल्य होता आणि अंतिम सामन्याचे तिकीट १०० रुपये होते. त्या तिकिटाच्या मोबदल्यात प्रेक्षकाच्या हाती काय आले, आणि ज्या खेळाडूंनी हा हंगाम उभा केला त्यांच्या पदरात काय पडले, या दोन्ही गोष्टी या परीक्षणात पाहायच्या आहेत. माझे मत सुरुवातीलाच नोंदवते. मैदानावरचा खेळ अपेक्षेपेक्षा कितीतरी सरस होता आणि अंतिम सामना तर या शहरात पैसे मोजून पाहिलेल्या कुठल्याही सामन्याच्या तोडीचा होता. परंतु लीग म्हणून जी रचना आपल्यापुढे ठेवली गेली ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा अंतिम सामन्यातच सर्वांत स्पष्ट दिसला.

संघांची आणि खेळाडूंची नावे मी येथे दिलेली नाहीत. या लीगमध्ये खेळणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणी अजून शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात आहेत, आणि त्यांच्या खेळाविषयी चार शब्द लिहिताना त्यांचे नाव कायमचे कुठेतरी नोंदले जावे असे मला वाटत नाही. जर्सीचा रंग आणि पाठीवरचा क्रमांक एवढ्यावर काम भागते. जे सामने पाहायला येत होते त्यांना तेवढ्यावरून ओळख पटेल.

आठ संघ एकमेकांशी एकदाच खेळले. म्हणजे प्रत्येक संघाच्या वाट्याला ७ आणि सर्व मिळून २८ साखळी सामने आले. त्यानंतर पहिल्या चार संघांच्या दोन उपांत्य लढती आणि अंतिम सामना. साखळी सामने ३५-३५ मिनिटांचे, अर्थात एकूण ७० मिनिटांचे होते. जो संघ पहिल्या चारांत आला नाही, त्या संघातील प्रत्येक सामना पूर्ण खेळलेल्या मुलीलाही संपूर्ण हंगामात ४९० मिनिटे खेळायला मिळाली, आणि ९० मिनिटांच्या सामन्यांच्या हिशेबाने ती साडेपाच सामन्यांहूनही कमी भरतात. राखीव बाकावर बसणाऱ्या मुलींचा हिशेब तर याच्या निम्म्यावरही जात नाही. पावसाळा संपल्यापासून आठवड्यातून चार-चार दिवस पहाटे सराव करणाऱ्या, त्यासाठी विरारहून किंवा उल्हासनगरहून पहिल्या लोकलने येणाऱ्या मुलीला वर्षभरातून एवढेच फुटबॉल मिळत असेल, तर तिच्या खेळात दिसणाऱ्या उणिवांबद्दल बोलण्याआधी हा आकडा डोळ्यांपुढे ठेवला पाहिजे.

देशपातळीवर हा हिशेब बदलला आहे. इंडियन विमेन्स लीग, म्हणजे देशातील महिला क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, २०१६-१७ मध्ये सुरू झाली तेव्हा तीही एका ठिकाणी संघ जमवून काही दिवसांत उरकली जाणारी स्पर्धा होती. पहिला अंतिम सामना दिल्लीच्या आंबेडकर स्टेडियमवर झाला आणि मणिपूरच्या ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने ओडिशाच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबला ३-० असे हरवले. २०२३-२४ पासून मात्र ती स्वतःच्या आणि प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळली जाणारी खरीखुरी लीग झाली. त्या वर्षी ७ क्लब होते आणि ओडिशा एफसीने विजेतेपद मिळवले. २०२४-२५ मध्ये ८ क्लब झाले, प्रत्येकाला १४ सामने मिळाले आणि ईस्ट बंगाल विजेता ठरला. त्या आठांत महाराष्ट्रातला एकही क्लब नव्हता. पहिल्याच वर्षी एफसी पुणे सिटीचा महिला संघ खेळला होता, २०१८ मध्ये मुंबईचा इंडिया रश होता, पुढे कोल्हापूर सिटी आला, पिफा आला, मुंबई नाइट्स आला. पण आपल्या क्लबांना त्या पायरीवर टिकून राहता आलेले नाही. याचे एक कारण पैसा हे आहेच. दुसरे कारण, माझ्या मते, खाली राज्यात आणि शहरात खेळाडूंना मिळणाऱ्या सामन्यांची संख्या हे आहे. वर १४ सामन्यांचा हंगाम आणि खाली ७० मिनिटांचे ७ सामने, या दोन पायऱ्यांमधले अंतर कुणी मुलगी एका उडीत पार करील अशी अपेक्षा ठेवणे बरोबर नाही.

हे सारे अशा शहरात चालले आहे जिथे २०२२ या एका वर्षात महिला फुटबॉलच्या दोन मोठ्या स्पर्धा झाल्या. जानेवारी-फेब्रुवारीत एएफसीचा (आशियाई फुटबॉल महासंघाचा) महिला आशियाई चषक अंधेरी, नेरूळ आणि पुण्यातील बालेवाडी येथे खेळवला गेला. अंतिम सामन्यात चीनने दोन गोलांच्या पिछाडीवरून दक्षिण कोरियाला ३-२ असे हरवले, आणि तो नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. यजमान भारताची त्या स्पर्धेतली वाटचाल मात्र इराणविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर संघात करोनाची लागण पसरल्याने संपली. त्याच स्टेडियमवर त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला आणि स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवले. तेव्हा प्राथमिक किंवा माध्यमिक शाळेत असलेल्या मुलींची पिढी आज या लीगमध्ये खेळते आहे, आणि त्यांच्या खेळाचा दर्जा पाहता त्या वर्षाने काहीतरी पेरले असे म्हणायला जागा आहे.

आता त्या दर्जाविषयी. काही वर्षांपूर्वीपर्यंत स्थानिक महिला सामन्यांत गोलरक्षक बहुतेक वेळा संघातली सर्वांत नवखी मुलगी असे आणि लांबून उंच मारलेला प्रत्येक चेंडू गोल ठरण्याची शक्यता असे. यंदा आठांपैकी निदान पाच संघांकडे गोलरक्षक म्हणूनच घडवलेल्या मुली होत्या; त्या गोलरेषा सोडून पुढे येत होत्या, कोन कमी करत होत्या आणि चेंडू झेलणे शक्य नसेल तेव्हा तो मुठीने बाजूला ढकलत होत्या. बचावफळ्या ऑफसाइडची रेषा राखत होत्या, म्हणजे प्रतिस्पर्धी आघाडीवीर आधीच आपल्या मागे जाऊन उभी राहू नये म्हणून एका ओळीत पुढे सरकत होत्या. चेंडू हातचा गेला की लगेच तीन-चार जणींनी मिळून तो परत मिळवण्यासाठी धावणे ही गोष्ट बहुतेक संघांत दिसली, अर्थात ती पहिली वीस मिनिटे टिकत असे आणि नंतर पाय जड होत असत. उणिवा होत्या त्या हेडरमध्ये आणि लांबच्या किकमध्ये. गोल किक मध्यरेषेपर्यंत पोहोचवणाऱ्या मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यामुळे प्रतिस्पर्धी संघ पुढे येऊन दाटी करून उभा राहिला की आपल्याच पेनल्टी क्षेत्राभोवती चेंडू अडकून पडत असे.

या हंगामात मला सर्वाधिक आनंद दिला तो निळ्या संघाच्या ६ क्रमांकाच्या मध्यरक्षक खेळाडूने. हा संघ वाशीकडचा. ही मुलगी फार वेगवान नाही, तिची किकही फार जोरकस नाही. परंतु चेंडू तिच्याकडे येत असताना, तो पायाशी पोहोचण्याआधी, ती एकदा डाव्या आणि एकदा उजव्या खांद्यावरून मागे पाहून घेते. पहिल्यांदा हे लक्षात आले तेव्हा मी काही वेळ चेंडूकडे पाहणे सोडून फक्त तिच्याकडेच पाहत राहिले. तिने मागे पाहिले नाही असा पास मला क्वचितच दिसला. परिणाम असा की चेंडू मिळाल्यावर तिला विचार करावा लागत नाही. तो आधीच झालेला असतो, आणि पहिल्या स्पर्शातच तिचे शरीर मोकळ्या बाजूकडे वळलेले असते. इतर मध्यरक्षकांच्या मागून सहकारी ‘मागे आहे, मागे आहे’ असे ओरडत असतात; हिच्यासाठी तसे ओरडण्याची गरज कुणाला पडत नाही. ही सवय कुणीतरी लहानपणापासून लावली असली पाहिजे, आणि ज्या प्रशिक्षकाने ती लावली त्याचे किंवा तिचे मनापासून कौतुक केले पाहिजे.

सामन्यांच्या वेळा ही लीगची सर्वांत मोठी चूक होती. मैदाने भाड्याची असल्याने संध्याकाळचा महागडा वेळ पुरुषांच्या सामन्यांना आणि कंपन्यांच्या स्पर्धांना जातो, आणि महिलांच्या लीगला दुपारचे दोन आणि साडेतीन उरतात. कृत्रिम हिरवळ उन्हात मातीच्या किंवा गवताच्या मैदानापेक्षा फार जास्त तापते, हे त्यावर अनवाणी पाय ठेवून पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. जानेवारीत ते चालून गेले, पण फेब्रुवारीतल्या दुपारी बुटांच्या तळव्यातून चटके बसत असल्याची तक्रार मी अनेक मुलींच्या तोंडून ऐकली. खेळाच्या नियमांत यासाठी सोय आहे. पाणी पिण्यासाठी एक मिनिटापर्यंतचा आणि शरीर थंड करण्यासाठी दीड ते तीन मिनिटांचा थांबा घेता येतो. काही पंचांनी तो न मागता दिला, काहींनी प्रशिक्षकांनी विनवण्या केल्यावरही दिला नाही. आयोजकांनी सर्व सामन्यांसाठी एकच नियम आधीच जाहीर केला असता तर हा प्रश्नच उरला नसता. पंचांचे निर्णय एरवी चांगले होते आणि ऑफसाइडच्या बाबतीत सहायक पंच फारच दक्ष होते, हेही येथे नोंदवले पाहिजे.

कार्यक्रमपत्रिका हा दुसरा मुद्दा. पुढच्या शनिवार-रविवारचे सामने कुठे आणि किती वाजता, हे अनेकदा गुरुवारी रात्री व्हॉट्सॲपवर कळत असे, आणि एकदा तर शुक्रवारी रात्री बदललेही. ज्या मुलीला शनिवारी महाविद्यालयात प्रात्यक्षिक आहे तिने ते कसे जुळवायचे? यातच बारावीच्या परीक्षा फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाल्या आणि त्यामागोमाग दहावीच्या. राज्य मंडळाच्या परीक्षांचे वेळापत्रक महिनोन्‌महिने आधी जाहीर होते. तरीही उपांत्य लढती नेमक्या त्याच आठवड्यात ठेवल्या गेल्या आणि चार संघांपैकी तीन संघ त्यांच्या एक-दोन मुख्य खेळाडूंशिवाय उतरले. पिवळ्या संघाची ११ क्रमांकाची डावी विंगर साखळीत संघाच्या बहुतेक गोलांची सुरुवात करणारी खेळाडू होती. उपांत्य सामन्यात ती दिसली नाही, आणि तिच्या आईने बाकावर शेजारी बसून सांगितले की दुसऱ्या दिवशी पेपर आहे. त्या माउली स्वतः मात्र संघासाठी संत्री कापून घेऊन आल्या होत्या.

सोयींविषयी लिहायलाच हवे, कारण महिलांच्या स्पर्धेत हा मुद्दा गौण नाही. साखळीच्या एका मैदानावर महिलांच्या स्वच्छतागृहाला कुलूप होते आणि किल्ली ज्या रखवालदाराकडे होती तो दुपारी जेवायला गेलेला होता; दोन संघांच्या मिळून तीसेक मुली आणि पाहायला आलेल्या त्यांच्या आया-बहिणी जवळच्या हॉटेलात जाऊन येत होत्या. कपडे बदलण्याच्या खोल्यांची स्थिती याहून फारशी वेगळी नव्हती. एका ठिकाणी एकच खोली होती आणि तीत आधीच्या सामन्यातल्या पुरुष संघाच्या पिशव्या पडलेल्या होत्या, म्हणून मुली घरूनच जर्सीवर सैल कुर्ता घालून येऊ लागल्या. महिला लीगसाठी मैदान ठरवताना हिरवळ पाहण्याआधी या दोन खोल्या पाहिल्या जाव्यात, आणि किल्ली मैदानावर हजर असलेल्या एखाद्या स्वयंसेविकेकडे असावी. यासाठी प्रायोजक लागत नाही.

यूट्यूबवरील थेट प्रक्षेपण ही यंदाची नवी आणि खरोखर स्वागतार्ह गोष्ट होती. गावी असलेल्या आजी-आजोबांना नातीचा सामना पाहता आला, आणि कोल्हापुरातून शिक्षणासाठी मुंबईत आलेल्या दोन मुलींचे सामने तिकडची मंडळी आवर्जून पाहत असल्याचे टिप्पण्यांवरून दिसत होते. कोल्हापूरकरांचे हे प्रेम जुने आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ आणि शिवाजी तरुण मंडळ यांची गाठ पडते तेव्हा सगळे शहर तिथे लोटते, आणि तेच लोक आता आपल्या मुलींचाही खेळ पाहू लागले असतील तर ती मोठी गोष्ट आहे. प्रक्षेपणात मात्र कॅमेरा एकच होता आणि समालोचकांकडे खेळाडूंची यादी नसावी, कारण पूर्वार्ध संपेपर्यंत ते ‘पिवळ्या संघाची खेळाडू’ यापलीकडे जात नसत. त्यात पिवळ्या जर्सीवर पांढरे क्रमांक छापलेले होते, जे उन्हात बाकावरूनही वाचता येत नव्हते, मग पडद्यावर कुठून दिसणार? समालोचन हिंदी आणि इंग्रजीत होते. मराठी समालोचन असते तर पाहणाऱ्यांपैकी कित्येकांना ते अधिक जवळचे वाटले असते.

अंतिम सामना संध्याकाळी साडेपाचला, प्रकाशझोतात, आणि पूर्ण ९० मिनिटांचा ठेवला होता. प्रवेशद्वारावर तिकिटाचा कोड तपासणाऱ्या मुली तत्पर होत्या, दहा वर्षांखालील मुलांना विनामूल्य सोडत होत्या, आणि बाके सामन्यापूर्वीच भरली होती. वडापाव आणि चहा योग्य दरात मिळत होता. लांबच्या बाजूची वरची रांग घेतली तर दोन्ही संघांची रचना नीट दिसते. मैदानालगतच्या रांगेत खेळाडूंचे आवाज ऐकू येतात, पण पलीकडच्या बाजूला काय चालले आहे याचा अंदाज येत नाही. मी वरच्या रांगेत बसले आणि ते योग्य ठरले.

लढत निळ्या आणि पिवळ्या संघात होती. पिवळा संघ कांदिवली-मालाड पट्ट्यातला, साखळीत पहिला आलेला, आणि पेपरमुळे उपांत्य सामना हुकलेली त्यांची ११ क्रमांकाची विंगर परतली होती. पहिली वीस मिनिटे दोन्ही संघ दडपणाखाली होते. थ्रो-इन प्रतिस्पर्ध्याच्या पायात जात होते, साधे पास रेषेबाहेर जात होते. चौतिसाव्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राच्या जरासे बाहेर, उजव्या अंगाला, निळ्या संघाला फ्री किक मिळाली. चार जणींची भिंत उभी राहिली. निळ्या संघाच्या सेंटर बॅकने चेंडू भिंतीवरून मारला नाही. भिंतीच्या कडेने, जमिनीलगत, लांबच्या खांबाकडे मारला, आणि उडी मारण्याच्या बेतात असलेल्या गोलरक्षकाला खाली पोहोचायला उशीर झाला. १-०. मध्यांतरापर्यंत हाच गोलफलक राहिला.

उत्तरार्धात पिवळ्या संघाने डाव्या बाजूने हल्ल्यांवर हल्ले चढवले. ११ क्रमांकाची मुलगी आपल्यासमोरच्या बचावपटूला दर वेळी वेगळ्या रीतीने चकवत होती, कधी रेषेलगत धावून, कधी आत वळून, आणि निळ्या संघाच्या गोलरक्षक मुलीने निदान तीन गोल वाचवले. साधारण पंचाहत्तराव्या मिनिटापासून मात्र मुली एकामागून एक खाली बसू लागल्या. पोटऱ्यांत गोळे येत होते. दोन्ही संघांच्या बाकांवरून बर्फाच्या पिशव्या आणि फवारे घेऊन मंडळी आत-बाहेर करत होती. ज्यांनी सबंध हंगामात ७० मिनिटांपलीकडे एकही सामना खेळलेला नाही त्यांच्याकडून अंतिम सामन्यात ९० मिनिटे मागितली तर दुसरे काय होणार? हा त्या मुलींच्या तयारीचा दोष नाही. शरीराला ज्या अंतराची सवय लावली जाते त्या अंतरापर्यंतच ते बिनतक्रार जाते, आणि अंतिम सामन्याची लांबी ९० मिनिटे ठेवणाऱ्यांनी साखळीची लांबी ठरवतानाच हे लक्षात घ्यायला हवे होते.

एक्क्याऐंशीव्या मिनिटाला जे घडले ते समजायला अर्ध्या प्रेक्षकांना वेळ लागला. निळ्या संघाच्या गोलरक्षक मुलीने एक क्रॉस झेलला आणि चेंडू छातीशी धरून ती सहकाऱ्यांना पुढे जाण्याच्या खुणा करत राहिली. पंचांनी हात वर केला आणि एकेक बोट मिटत शेवटचे पाच सेकंद मोजले. शिट्टी वाजली आणि त्यांनी कोपऱ्यातल्या झेंड्याकडे हात दाखवला. २०२५-२६ च्या हंगामापासून नियम असा आहे की गोलरक्षकाने चेंडू ताब्यात आल्यावर आठ सेकंदांच्या आत सोडला नाही तर प्रतिस्पर्ध्याला कॉर्नर मिळतो. पूर्वी मर्यादा सहा सेकंदांची होती आणि शिक्षा इनडायरेक्ट फ्री किकची (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही), पण पंच ती जवळजवळ कधीच देत नसत. स्थानिक सामन्यात हा नवा नियम इतक्या नेमकेपणाने, सर्वांना दिसेल अशी मोजणी करून लागू झालेला पाहून मला पंचांविषयी आदर वाटला. बाकांवर मात्र गोंधळ उडाला, आणि निवेदकानेही तो कॉर्नर का दिला हे सांगितले नाही. तसे सांगितले असते तर त्या मुलीला उगाच शेरे ऐकावे लागले नसते. कॉर्नर ११ क्रमांकानेच घेतला. जवळच्या खांबापाशी उठलेल्या पिवळ्या संघाच्या कर्णधाराच्या डोक्याला लागून चेंडू जाळ्यात गेला. ज्या लीगमध्ये हेडर हा कच्चा दुवा होता, तिच्या अंतिम सामन्यातला बरोबरीचा गोल हेडरने व्हावा, याचा मला फार आनंद झाला. १-१.

स्पर्धेच्या नियमानुसार जादा वेळ नव्हता. बरोबरी राहिल्यास थेट पेनल्टी शूटआउट. अशा वेळी दमलेले संघ मागे सरून शिट्टीची वाट पाहतात. निळ्या संघाने तसे केले नाही, आणि म्हणूनच हा सामना माझ्या दृष्टीने उत्तम ठरला. भरपाई वेळेच्या दुसऱ्या मिनिटाला मध्यरेषेच्या अलीकडे चेंडू ६ क्रमांकाकडे निघाला. ती गोळे आलेला पाय ओढत चालत होती, जर्सी बाहेर आली होती. तरीही चेंडू येण्याआधी तिने डावीकडून मागे पाहिले, उजवीकडून पाहिले, आणि पायाशी आल्याबरोबर न थांबवता डाव्या पायाच्या आतल्या बाजूने तो दोन बचावपटूंच्या मधल्या मोकळ्या जागेत सरकवला. त्या जागेकडे निळ्या संघाची नुकतीच बदली म्हणून आलेली, ताज्या पायांची आघाडीवीर आधीच धावत सुटली होती. सहायक पंचाचा झेंडा खालीच राहिला. गोलरक्षक पुढे आली, चेंडू तिच्या बाजूने घरंगळत गेला आणि खांबाला आतून लागून जाळ्यात विसावला. २-१, आणि थोड्याच वेळात शेवटची शिट्टी. जिंकलेल्या मुलींपैकी पाच-सहा जणींना आनंद साजरा करायलाही उभे राहता येत नव्हते.

१०० रुपयांत हा सामना पाहायला मिळाला, आणि पुढच्या वर्षी तिकीट २०० रुपये केले तरी ते वाजवी असेल, अट एवढीच की वाढलेला पैसा संध्याकाळच्या वेळेच्या भाड्यात आणि मैदानावर फिजिओ ठेवण्यात जावा. साखळी सामन्यांना जाणाऱ्यांनी टोपी आणि पाणी जवळ ठेवावे, लहान मुलींना अवश्य सोबत न्यावे आणि सामना संपल्यावर थोडा वेळ थांबावे. खेळाडू मोकळेपणाने बोलतात आणि धाकट्या मुलींना चेंडूला पाय लावू देतात. राजमाता जिजाबाई करंडकासाठी, म्हणजे महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेसाठी, राज्याचा संघ निवडणाऱ्यांनीही हे सामने बाकावर बसून पाहावेत, कारण ६ क्रमांकाच्या मुलीचे मोल गोलांच्या तक्त्यावरून कळणार नाही.

बक्षीस समारंभात आयोजकांनी जाहीर केले की पुढील हंगामात आठऐवजी दहा संघ असतील. त्यामागची भावना चांगली आहे, परंतु हा निर्णय मला पटलेला नाही. दहा संघ एकमेकांशी एकदा खेळले तर प्रत्येकाला ९ सामने मिळतील आणि एकूण ४५ होतील. याच आठ संघांना एकमेकांशी दोनदा खेळवले तर प्रत्येकाला १४ मिळतील आणि एकूण ५६ होतील. फरक ११ सामन्यांचा आहे, आणि आठवड्याला चार सामन्यांच्या यंदाच्याच गतीने तो तीन शनिवार-रविवारांत बसतो. सामना ९० मिनिटांचा करावा, हंगाम ऑक्टोबरअखेर पावसाळा सरल्यावर सुरू करून जानेवारीच्या अखेरीस, परीक्षांच्या आधी संपवावा, आणि नव्या दोन संघांसाठी दुसरी श्रेणी सुरू करावी.